महिला मंडळ: २७ ऑगस्टची प्रार्थनासभा

सर्व भगिनींना सप्रेम नमस्कार.

२७ ऑगस्टला संत मोनिका यांचा सण आहे. त्या दिवशी संध्याकाळच्या मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) लगेच चर्चच्या सभागृहात जमायचं आहे. विषय: आईपणाचा आध्यात्मिक अर्थ. विडी वळून किंवा कारखान्यातून थेट येणाऱ्यांनी उशीर झाला तरी यावं, जागा राखलेली असेल.

मोनिकाबाईंनी आपल्या भरकटलेल्या मुलासाठी, ऑगस्टीनसाठी, वर्षानुवर्षं रडून प्रार्थना केली. ३८७ साली ऑगस्टीनचा बाप्तिस्मा झाला आणि त्याच वर्षी त्या वारल्या. मुलगा पुढे बिशप झाला, हे त्यांना पाहायला मिळालं नाही. मला ही गोष्ट दरवेळी हलवते.

पण सभा फक्त लेकुरवाळ्यांची नाही. क्रुसाजवळ येशूने मरियामातेला शिष्याची आई केलं (योहान १९:२६-२७), ते काही रक्ताचं नातं नव्हतं. पोप दुसरे जॉन पॉल यांनीही १९८८ च्या पत्रात आध्यात्मिक मातृत्वाबद्दल लिहिलं आहे. म्हणून सिस्टर, अविवाहित मावश्या-आत्या, मूल नसलेल्या किंवा मूल गमावलेल्या भगिनी, सगळ्यांनी हक्काने यावं.

- ज्याच्यासाठी प्रार्थना हवी, त्याचं फक्त नाव चिठ्ठीवर लिहा. कारण लिहू नका.
- जपमाळ आणि बायबल सोबत आणा.
- घरून चार भाकरी आणि शेंगाचटणी आणा, एकत्र जेवू.
- "मूल कधी?" हा प्रश्न कुणीही कुणाला विचारायचा नाही. मागच्या वेळी एक बहीण रडत घरी गेली.

येणाऱ्यांनी रविवारच्या मिस्सानंतर नाव द्यावं.