पानिपत, संक्रांत आणि चार दिवसांचा फरक

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

जानेवारी लागला की संक्रांतीच्या पुरवण्यांत एक चौकट हमखास येते: १४ जानेवारी १७६१ रोजी, ऐन संक्रांतीला, पानिपतावर मराठी फौज कापली गेली आणि तेव्हापासून ‘संक्रांत कोसळणे’ हा वाक्प्रचार रूढ झाला. गोष्ट काळजाला भिडणारी आहे, म्हणूनच ती टिकली. पण त्या दिवशी संक्रांत नव्हती, आणि हे कागद-पेन्सिल घेऊन कुणालाही पडताळता येते.

लढाईची तारीख पक्की आहे: पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार, १४ जानेवारी १७६१. चूक होते ती संक्रांतीची तारीख कायमची १४ धरल्यामुळे. आपली संक्रांत निरयन गणिताने ठरते. ताऱ्यांच्या संदर्भात सूर्य पुन्हा त्याच जागी यायला सुमारे ३६५.२५६४ दिवस लागतात, तर इंग्रजी कॅलेंडरचे वर्ष सरासरी ३६५.२४२५ दिवसांचे असते. हा फरक साचत जाऊन साधारण ७२ वर्षांत संक्रांत एक दिवस पुढे सरकते. सरकणे एकसारखे दिसत नाही, कारण दर चार वर्षांच्या लीप दिवसाने तारीख पुढेमागे होते आणि १८००, १९०० ही वर्षे लीप नव्हती.

आता पडताळा. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. १७६१ ते १८६३ ही १०२ वर्षे. सूर्याच्या १०२ फेऱ्यांना ३७,२५६ दिवस लागतात. कॅलेंडरवर १२ जानेवारी १७६१ ते १२ जानेवारी १८६३ हे अंतर मात्र ३७,२५४ दिवसांचे भरते (१०२ गुणिले ३६५ म्हणजे ३७,२३०, अधिक १८०० वगळून २४ लीप दिवस). दोन दिवस मागे जायचे, म्हणजे १७६१ ची संक्रांत १० जानेवारीच्या सुमारास येते. भाऊसाहेब आणि विश्वासराव पडले तेव्हा संक्रांत होऊन चार दिवस लोटले होते, किंक्रांतही मागे पडली होती.

मग सणाचे नाव संकटाला कसे चिकटले? विशेषतः आपल्या सोलापुरात, जिथे याच दिवसांत सिद्धेश्वर यात्रेचे नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात आणि होम मैदानावर गड्डा (यात्रेची जत्रा) भरतो, तिथे हा प्रश्न पडायलाच हवा. त्याचे उत्तर पंचांगात आहे, आणि दाते पंचांगासारखे पंचांग याच शहरात तयार होते. संक्रांतीच्या पानावरचे ‘संक्रांतिफल’ वाचावे. तिथे संक्रांत ही देवी कल्पिलेली असते. संक्रमणाच्या वेळी जे करण (अर्ध्या तिथीएवढा काळ) चालू असेल, त्यावरून तिचे रूप ठरते. करणे एकूण ११. बवावर वाहन सिंह, बालवावर वाघ, कौलवावर वराह, तैतिलावर गाढव, असे पुढे. बालवाची संक्रांत असेल तर वाहन वाघ, उपवाहन घोडा, वस्त्र पिवळे, हातात गदा, कपाळी केशराचा टिळा, वास घ्यायला जाईचे फूल, खायला पायस, अंगावर मोती. शिवाय ती कुठून कुठे जाते आणि कोणत्या दिशेला पाहते तेही दिलेले असते. यामागची समजूत अशी की तिने जे धारण केले ते महागते किंवा नाश पावते, आणि ती जिकडे जाते वा पाहते तिकडे दुःख येते.

म्हणूनच घरोघरी विचारतात, ‘यंदा संक्रांत कशावर आहे?’ पिवळ्यावर असली की बायका पिवळे नेसत नाहीत. ‘नोकऱ्यांवर संक्रांत’, ‘झाडांवर संक्रांत’ या मथळ्यांतला ‘वर’ थेट याच प्रश्नातला आहे. पानिपताशी या ‘वर’चा काही मेळ बसत नाही. समजूत मानायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न (माझ्या मते ती सोडून द्यावी, सणाला कसलाही दोष नाही), वाक्प्रचाराचे मूळ मात्र तिच्यातच आहे.

पानिपतचे खरे भाषिक देणे वेगळे आहे. ‘पानिपत होणे’ त्याच रणांगणावरचे. ‘विश्वास पानिपतात गेला’ यात नानासाहेब पेशव्यांच्या मुलाच्या नावावर श्लेष आहे. ‘अटकेपार झेंडे लावणे’ मात्र त्याच्या तीन वर्षे आधीचे: १७५८ ची रघुनाथरावांची पंजाब मोहीम आणि सिंधूकाठचा अटकचा किल्ला. भाषणांत हे श्रेय सर्रास थोरल्या बाजीरावांना दिले जाते. ते १७४० मध्येच वारले होते.

असे ओढूनताणून नाते लावण्याला मराठीत ‘बादरायण संबंध’ म्हणतात. त्याचे मूळ एका संस्कृत श्लोकात आहे: ‘अस्माकं बदरीचक्रं युष्माकं बदरीतरुः’. आमच्या गाडीचे चाक बोरीच्या लाकडाचे, तुमच्या दारात बोरीचे झाड, म्हणून आपण नातेवाईक!

व्युत्पत्तीची चौकट छापण्याआधी संपादकीय विभागाने एवढे जरूर करावे. घटनेची तारीख आणि सणाची त्या वर्षीची तारीख वेगवेगळी काढावी. दाते-कर्वे यांचा वाक्संप्रदाय कोश उघडावा (हे दाते पंचांगकर्ते नव्हेत) आणि मोल्सवर्थचा कोशही. वाक्प्रचारातला प्रत्यय सांगितलेल्या गोष्टीशी जुळतो का ते पाहावे. ‘ध चा मा करणे’सारख्या ठिकाणी नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ चा हे निर्विवाद छापावे, पण आनंदीबाईंनी अक्षर बदलले या भागापुढे ‘आख्यायिका’ असा शब्द घालावा. गड्ड्याच्या पुढच्या पुरवणीत पानिपतच्या चौकटीऐवजी संक्रांतिफलाचा उतारा अर्थासह द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, सोलापूर