कंबर फक्त शिंप्याने मोजली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दरवर्षी २९ सप्टेंबरला जागतिक हृदय दिनानिमित्त वर्तमानपत्रांत पानभर मजकूर येतो. पुढे अकराच दिवसांनी, १० ऑक्टोबरला, मानसिक आरोग्य दिनाचा येतो. दोन्ही कात्रणे मी जपून ठेवते. पण हृदयाच्या पानावर स्किझोफ्रेनिया सापडत नाही आणि मनाच्या पानावर कोलेस्टेरॉल. माझा धाकटा भाऊ नेमका या अकरा दिवसांच्या फटीत अडकला, म्हणून हे पत्र.

त्याला तेविसाव्या वर्षी स्किझोफ्रेनिया हा तीव्र मानसिक आजार झाला, आज तो अठ्ठेचाळीसचा आहे. त्यावरचे ओलान्झापिन हे औषध सुरू झाले आणि त्याला ऐकू येणारे आवाज हळूहळू थांबले. त्या गोळीचे आमच्या घरावर उपकार आहेत, हे आधीच सांगते. पण पहिल्या वर्षातच त्याचे वजन ५६ किलोवरून ७४ वर गेले. रात्री दोनला उठून डब्यातली खारी, शंकरपाळे, गार पोळ्या, हाताला लागेल ते खायचा. मी त्याला खादाड म्हणायचे. ओलान्झापिन, क्लोझापिनसारख्या औषधांनी भूकच खवळते, पोट भरल्याचे लवकर कळत नाही आणि रक्तातली साखर व चरबीही वाढू शकते, हे मला फार उशिरा समजले. आधी कळते तर निदान माझी बोलणी तरी त्याला खावी लागली नसती.

मानसोपचाराच्या ओपीडीत गर्दी असूनही डॉक्टर आपुलकीने विचारत. झोप लागते का, आवाज येतात का, गोळ्या वेळेवर घेतो का. वजन-रक्तदाबाचा विषय काढला की उत्तर यायचे, 'ते फॅमिली डॉक्टरांना दाखवा.' फॅमिली डॉक्टर गोळ्यांची यादी बघून म्हणत, 'यात मी हात घालत नाही, मोठ्या डॉक्टरांनाच विचारा.' लक्ष्मी रस्त्यावरचे आमचे शिंपीकाका तेवढे दर दिवाळीला टेप लावून सांगायचे, 'ताई, यंदाही दोन इंच वाढवलेत बरं का.' इतक्या वर्षांत त्याची कंबर नियमाने मोजणारा माणूस हा एकच. आपल्याकडच्या पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच, आणि बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेघ मानतात. भावाने ती दुसऱ्याच दिवाळीत ओलांडली होती.

पुढे क्लोझापिन सुरू झाले. पांढऱ्या पेशी तपासायला आधी दर आठवड्याला, मग दर महिन्याला रक्त काढावे लागे. सुई टोचलेलीच असायची, त्याच वेळी साखरही बघून घ्यावी हे कुणाच्या डोक्यात आले नाही. माझ्याही नाही.

दोन वर्षांपूर्वी तो म्हणाला, 'छातीत मुंग्या चावतात.' पूर्वी त्याला भिंतीत माणसे दिसायची. त्यामुळे मुंग्यांचेही आम्ही तसेच समजलो. रात्री घाम फुटला तेव्हा रिक्षाने एका रुग्णालयात नेले. तिथे फाइलवरचे निदान वाचून इंजेक्शन दिले आणि सकाळी मानसोपचारतज्ज्ञांकडे जायला सांगितले. दुसऱ्या दिवशी दुसरीकडे ईसीजी काढला, तर हार्ट अटॅक. दोन स्टेंट घालून तो वाचला.

तीव्र मानसिक आजार असलेली माणसे इतरांपेक्षा १० ते २० वर्षे आधी जातात, आणि त्यातले बहुतेक मृत्यू शारीरिक आजारांचे, त्यातही हृदयविकाराचे मोठ्या प्रमाणावर, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. तिने २०१८ मध्ये या विषयावर मार्गदर्शक सूचनाही काढल्या. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात तर मनोरुग्णाला सर्व आरोग्यसेवांत शारीरिक रुग्णाइतकाच हक्क दिला आहे. सरकारी आरोग्य केंद्रांवरची रक्तदाब-मधुमेहाची तपासणी मात्र तिशीपासून सुरू होते. हा आजार बहुधा विशीच्या आगेमागे गाठतो आणि वजन पहिल्या काही महिन्यांतच वाढते. तिशी येईपर्यंत शर्टाची मापे चारदा बदललेली असतात.

मागणी अवघड नाही. गोळी सुरू करतानाच वजन, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर आणि चरबी केसपेपरवर लिहावी, तीन महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. वजन फारच वाढले तर औषध बदलता येते का, जोडीला मधुमेहावरचे मेटफॉर्मिन देता येईल का, हे डॉक्टर ठरवू शकतात. हे वाचून कुणी घरच्या माणसाच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. ते आम्ही एकदा केले आहे आणि तो पावसाळा आठवला तरी अंगावर काटा येतो. सिगारेट सोडवतानाही डॉक्टरांना आधी सांगावे. धुरामुळे ओलान्झापिन आणि क्लोझापिन ही दोन औषधे शरीरातून लवकर निघून जातात, म्हणून सिगारेट सुटली की रक्तातले प्रमाण वाढते आणि डोस कमी करावा लागू शकतो. हेही मला टपरीवाल्याशी भांडून झाल्यावर कळले!

गेल्या महिन्यात ओपीडीला जाताना मी पर्समध्ये शिवणाचा टेप घेऊन गेले. नवीन निवासी डॉक्टर मुलगी आधी हसली, मग उठून तिने स्वतः कंबर मोजली आणि केसपेपरच्या कोपऱ्यात लिहिले : १०४ सेंमी.

— एक वाचक भगिनी, सहकारनगर, पुणे
(कृपया नाव छापू नये. भाऊ आता सोसायटीतल्या लोकांबरोबर तळजाईवर फिरायला जातो, त्यांना हे माहीत नाही.)