आई, तुझी किडनी चांगलीच होती

नेरूळ, नवी मुंबई

ती. आई-बाबांना सा. नमस्कार.

फोनवर आई म्हणते, "माझीच किडनी कमी पडली," आणि मग रडायलाच लागते, की बाबा फोन हातात घेतात. म्हणून हे पत्र. बाबा, आईला सगळं मोठ्याने वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

बायोप्सीचा, म्हणजे किडनीचा बारीक तुकडा सुईने काढून केलेल्या तपासणीचा, पूर्ण रिपोर्ट आला. रिजेक्शन नाही. माझ्या शरीराने आईने दिलेली किडनी नाकारलेली नाही. माझ्या दोन्ही किडन्या ज्या आजाराने गेल्या, तो आयजीए नेफ्रोपथीच हिच्यातही उतरलाय. त्याचं मूळ किडनीत नसतंच. माझ्या रक्तात आयजीए नावाचं प्रथिन बिघडलेलं तयार होतं आणि किडनीच्या गाळण्यांत जाऊन साचतं. किडनी आईची, पण रक्त माझंच ना!

बाबांनी विचारलं होतं, क्रिएटिनिन वाढलेलं रक्तात दिसत होतंच, मग सुई कशाला? बाबा, क्रिएटिनिन म्हणजे किडनीने गाळून बाहेर टाकायचा रक्तातला कचरा; त्यावरून काम मंदावलंय एवढंच कळतं, का मंदावलंय ते कळत नाही. रिजेक्शन असेल तर प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं वाढवतात. बीके नावाचा विषाणू असेल तर तीच औषधं कमी करतात. त्या औषधांपैकीच एक, टॅक्रोलिमस, त्यानेच इजा केली असेल तर त्याचा डोस उतरवतात. अंदाजाने गोळ्या बदलल्या असत्या तर भलतंच झालं असतं.

सुईचं म्हणाल तर काही विशेष नाही. ही किडनी ओटीपोटात उजवीकडे, कातडीच्या जवळ बसवलेली, त्यामुळे उताणंच झोपवतात, जागा बधिर करतात आणि सोनोग्राफीत बघत टोचतात. खट्कन आवाज होतो. वैताग नंतरचा: तासन् तास हलायचं नाही आणि लघवी झाली की रंग सिस्टरना दाखवायचा. निघालेला तुकडा शेवयीएवढा. त्यात किमान 10 गाळण्या आणि 2 धमन्या असल्या तर नमुना पुरेसा धरतात. हे ठरवणारी बॅन्फ पद्धत 1991 साली कॅनडातल्या बॅन्फ गावी भरलेल्या बैठकीतून निघाली. माझा नमुना पुरेसा होता. सी4डी निगेटिव्ह, अँटिबॉडींच्या हल्ल्याची खूण कुठे नाही. खास सूक्ष्मदर्शकाखाली आयजीए मात्र हिरवं चमकलं.

आता वाईट भाग. काही ठिकाणी फायब्रोसिस आहे, म्हणजे चट्टे पडलेत. तेवढा भाग परत येणार नाही. उरलेला जास्तीत जास्त टिकवायचा: बीपी ताब्यात, लघवीतून जाणारं प्रथिन कमी करणारी गोळी, मीठ कमी. पुढेमागे डायलिसिस लागू शकतं, हेही डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. मला तसंच आवडतं, गोड बोलणारे डॉक्टर मला झेपत नाहीत.

आई, जगातलं पहिलं यशस्वी किडनी प्रत्यारोपण 23 डिसेंबर 1954 ला बोस्टनमध्ये झालं. डॉ. जोसेफ मरे यांनी रोनाल्ड हेरिकची किडनी त्याच्या जुळ्या भावाला, रिचर्डला बसवली. अगदी एकसारखे जुळे, त्यामुळे रिजेक्शनचा प्रश्नच नव्हता. तरी रिचर्डचा जुना आजार त्या किडनीत परतलाच. सख्ख्या जुळ्याच्या किडनीत येतो, तर तुझ्या का नाही येणार? आणि किडनी देणारा रोनाल्ड 2010 पर्यंत जगला.

बाबा, "आता माझी घ्या" हे बंद करा. तुम्हाला शुगर आहे, डॉक्टर तुम्हाला उभंही करणार नाहीत. वेळ आलीच तर मुंबईच्या झेडटीसीसीच्या, म्हणजे मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या संस्थेच्या, यादीत नाव घालता येतं. तो विचार तेव्हा करू.

आई, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणतेस त्या दुखीच्या गोळ्या आजपासून बंद. एका किडनीवर राहणाऱ्याने त्या मनाने घ्यायच्या नसतात. बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रथिन दरवर्षी तपासायचं, हे तुला ऑपरेशनच्या वेळीच सांगितलं होतं. या वर्षीचं झालंय का? बाबा, नसेल तर याच आठवड्यात तालुक्याला घेऊन जा आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा.

तुमची,
मनू