मंद्या, अ‍ॅम्प मिळाला! (आणि तू अजून काही घेऊ नकोस)

प्रिय मंद्या,

फोनच करणार होतो, पण फोनवर तू मधेमधे तोडतोस आणि मला हे सगळं सलग सांगायचंय, म्हणून बसून लिहितोय. अरे, ट्यूबवाला (म्हणजे जुन्या रेडिओसारख्या काचेच्या व्हॉल्व्हचा) गिटार अ‍ॅम्प घेतला! पीव्हीचा क्लासिक ३०. तोच, ट्वीड कापडातला, वर क्रोमचं चकचकीत पॅनल आणि टोकदार नॉब. चार ईएल८४ पॉवर ट्यूब, पुढे तीन छोट्या १२एएक्स७ ट्यूब, बारा इंची स्पीकर, स्प्रिंग रिव्हर्ब (स्प्रिंगांनी आवाज घुमवणारा), ३० वॅट. आणि पडला केवढ्याला, तर साधा नवा ट्रान्झिस्टरचा प्रॅक्टिस अ‍ॅम्प जेवढ्याला येतो ना, तेवढ्यालाच. हो, चालू स्थितीत. आता सांगतो कसा मिळाला, कारण तू पण शोधतोयस आणि तुला याचा उपयोग होईल.

बघ, आपण सगळे शोधताना काय टाकतो? कंपनीचं नाव, मॉडेलचं नाव, 'ट्यूब अ‍ॅम्प', 'गिटार अ‍ॅम्प'. आणि तेच शब्द बाकीचे शंभर जण पण टाकत असतात, त्यामुळे जी जाहिरात नीट लिहिलेली असते ती तासाभरात उडते नाहीतर तिचा भाव आधीच चढवलेला असतो. म्हणून मी हल्ली उलट शोधतो. ज्याला वस्तू काय आहे हेच माहीत नाही तो माणूस काय लिहील असा विचार करायचा आणि ते शब्द टाकायचे. 'जुना स्पीकर', 'म्युझिकचा बॉक्स', 'गिटारचा स्पीकर', अ‍ॅम्प्लिफायरचं चुकीचं स्पेलिंग, असलं काहीतरी. तर एक जाहिरात दिसली, 'जुना म्युझिक स्पीकर, आवाज जातो येतो, आहे तसा', फोटो एकच, तो पण आडवा आणि अंधारात काढलेला, वर अर्ध्या भागात कुणाचं तरी कपाट. पण कोपऱ्यात ते पिवळसर ट्वीड आणि नॉबची रांग दिसली आणि मला घामच फुटला. झूम केला, ओळखला, आणि लगेच मेसेज टाकला की आज येऊ का.

आता 'आवाज जातो येतो' हे वाचून बहुतेक जण पुढे सरकतात, आणि ते बरोबरच आहे, कारण ट्यूब अ‍ॅम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर (ट्यूबांचा सिग्नल स्पीकरला पोचवणारा) गेला असेल तर दुरुस्तीचा खर्च वस्तूच्या डोक्यावर जातो. पण आवाज जातो येतो म्हणजे पूर्ण मेला नाहीये! मधूनमधून नीट वाजतो याचा अर्थ ट्रान्सफॉर्मर बहुतेक धडधाकट आहे, ट्यूबा तापतायत, आणि कुठेतरी कॉन्टॅक्ट नीट बसत नाहीये. आणि एफेक्ट्स लूप (बाहेरची पेडलं मधे जोडायचे सेंड आणि रिटर्न असे दोन जॅक) असलेल्या जुन्या अ‍ॅम्पमध्ये असा कॉन्टॅक्ट सुटायची एक ठरलेली जागा असते, ती म्हणजे त्या लूपचा रिटर्न जॅक. लूपमध्ये काही लावलेलं नसतं तेव्हा सिग्नल सेंडकडून रिटर्नकडे जातो तो रिटर्नच्या जॅकमधल्या एका बारीक पत्तीवरून. तुम्ही तिथे केबल खुपसली की पत्ती उचलली जाते आणि सिग्नल बाहेरून फिरून येतो. वर्षानुवर्षं कुणी तो जॅक वापरलाच नाही की पत्तीवर थर चढतो, आणि मग आवाज बारीक होतो, खरखरतो, गायब होतो, अ‍ॅम्पला थाप मारली की परत येतो. यात कंपनीचा काही दोष नाही, हवेत पडून राहिलेल्या कुठल्याही जॅकचं हेच होतं. आणि हे तपासायला लागतं काय, तर एक वीतभर पॅच केबल! सेंडमधून रिटर्नमध्ये लावायची, म्हणजे पत्तीचा संबंधच संपला. आवाज नीट आला तर चोर सापडला.

तर मी माझी गिटार, एक चांगली केबल, पॅच केबल, टॉर्च आणि एक पेन्सिल घेऊन गेलो. (पेन्सिलचं सांगतो पुढे.) दार उघडलं एका काकांनी, अ‍ॅम्प त्यांच्या मुलीचा, ती आता दुसरीकडे राहते आणि हेडफोन लावून मॉडेलरवर (अ‍ॅम्पचा आवाज डिजिटल बनवणाऱ्या डब्यावर) वाजवते. ही गोष्ट लक्षात ठेव मंद्या, कारण खूप लोक आता हेलिक्स नाहीतर केम्परसारख्या डिजिटल वस्तूंकडे गेलेत, त्यांना वजन नको, शेजाऱ्यांची कटकट नको, आणि त्यांचे चांगले ट्यूब अ‍ॅम्प कोपऱ्यात धूळ खातायत. मला त्यांच्याबद्दल काही म्हणायचं नाही, मॉडेलर आता खरंच छान वाजतात, पण आपल्यासारख्यांसाठी हीच वेळ आहे.

मी काकांना आधीच विनंती केली होती की मी येईपर्यंत चालू करू नका. थंड अ‍ॅम्प चालू होताना बघायला मिळाला पाहिजे, कारण बरेच प्रॉब्लेम एकतर थंड असताना दिसतात नाहीतर चांगला अर्धा तास तापल्यावर, आणि विकणाऱ्याने आधीच तापवून ठेवला असेल तर पहिला अर्धा भाग आपल्याला दिसतच नाही. सगळ्यात आधी मागून टॉर्च मारली. स्पीकरची वायर लावलेली आहे ना ते बघितलं, कारण स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प चालू करून वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो, यात हयगय नाही. प्लगची अर्थिंगची पिन शाबूत आहे ना, मागच्या लेबलवर व्होल्टेज आपल्याकडचंच आहे ना, हे पण. दुसऱ्या देशातून आलेला १२० व्होल्टचा अ‍ॅम्प २३० वर लावला तर तिथल्या तिथे खेळ खलास. मग चालू केला, ट्यूबांमध्ये नारिंगी उजेड आला, थोडा वेळ थांबलो, स्टँडबाय (ट्यूबा तापेपर्यंत आवाज बंद ठेवणारं बटण) काढला.

गिटार न लावता, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून आधी नुसतं ऐकलं. इथे कान लावून ऐकायचं बरं का. व्हॉल्यूम शून्य असताना मोठी घूं ऐकू येत असेल तर पॉवर सप्लायचे फिल्टर कपॅसिटर म्हातारे झालेत असं धरून चालायचं, ते पंधरा-वीस वर्षांत थकतातच आणि त्यांचा खर्च भावातून वजा करून बोलायचं. घूं व्हॉल्यूमसोबत वाढत असेल तर पुढच्या बाजूला शोधायचं, आणि गिटार लावल्यावरच येत असेल आणि तू वळलास की कमी-जास्त होत असेल तर ती तुझ्या गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपची आहे, अ‍ॅम्पला कशाला नावं ठेवायची. इथे अगदी हलकी घूं होती, तेवढी चालते.

मग वाजवला. दोन मिनिटं सुंदर, आणि मग आवाज असा बसला की जणू कुणी स्पीकरवर गादी टाकली. काका लगेच म्हणाले, बघा, हेच होतं. मी पॅच केबल काढली, सेंडमध्ये एक टोक, रिटर्नमध्ये दुसरं, आणि ई मायनर ओढला. खोलीभर! मंद्या, आवाज नुसता परत आला नाही, वरचा सगळा चकाकता भाग पण आला जो आधीच्या त्या दोन मिनिटांत सुद्धा नव्हता. केबल काढली, बसला. लावली, आला. काकांनी स्वतः एकदा काढून-लावून बघितली.

आणि मग मी त्यांना सांगून टाकलं. म्हणजे बघ, गप्प बसून पैसे देऊन निघता आलं असतं, पण ते मला जमलं नसतं, ज्यातून रोज वाजवायचं ती वस्तू अशी घरी आणायची नव्हती. म्हटलं काका, हा बिघडलेला नाहीये, कॉन्टॅक्ट क्लीनरचं काम आहे, तुम्हाला भाव वाढवायचा असेल तर वाढवा, मला मान्य आहे. त्यांनी मुलीला फोन लावला, स्पीकरवर टाकला. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, वाजवणारा माणूस नेतोय ना, मग ठरला तेवढ्यालाच द्या. वर मला सांगितलं की पॉवर ट्यूब मी कधी बदलल्याच नाहीत, त्या जुन्या धरून चाल. कसलं भारी वाटलं माहितीये, विकणारा आणि घेणारा दोघं एकमेकांना वस्तूबद्दल खरं काय ते सांगतायत!

बाकीचं पण तपासलंच. पेन्सिलच्या लाकडी टोकाने एकेक ट्यूब हळूच टिचकावली, स्पीकरमधून टिणटिण घुमली की ती मायक्रोफोनिक झालेली असते. पहिली १२एएक्स७ थोडी घुमली, तिची जागा गिटारच्या सगळ्यात जवळ म्हणून तिथे हे जास्त जाणवतं, ती बदलेन. लाइट घालवून पॉवर ट्यूब बघितल्या. काचेवर निळसर झाक दिसली तर घाबरायचं नाही, ती चालते. आतली करडी प्लेट लालबुंद व्हायला लागली तर मात्र ताबडतोब बंद करायचा. प्रत्येक नॉब फिरवला, दोन खरखरले, ते क्लीनरने जातं. रिव्हर्ब लावून कॅबिनेट जरा हलवलं, स्प्रिंगांचा तो ढगांचा गडगडाट झाला, म्हणजे रिव्हर्बचा टँक (स्प्रिंगांचा डबा) जिवंत आहे. स्पीकरच्या कागदाला फाट नाही, खालची ई तार जोरात मारली तरी फडफड नाही.

घरी आणून जॅकमध्ये क्लीनर मारला, प्लग बऱ्याच वेळा आत-बाहेर केला, झालं. चॅसी (आतला सर्किटचा पत्र्याचा डबा) उघडली नाही आणि तू पण कधी उघडू नकोस, प्लग काढून ठेवला तरी त्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट बसून असतात, ते काम जाणकाराचं. पॉवर ट्यूबांचा नवा संच मात्र मागवला, चारही एकमेकींशी जुळणाऱ्या. आता त्या बनतात मुख्यतः स्लोव्हाकिया, रशिया आणि चीनमध्ये, पर्याय फार नाहीत, पण ईएल८४ मिळते अजून सहज.

आवाजाचं काय सांगू. ईएल८४ ला वरच्या पट्टीत एक घंटेसारखी किणकिण असते, आणि व्हॉल्यूम जरा वर नेला की हळू छेडलं तर स्वच्छ आणि जोरात मारलं तर करकरीत, पेडलला हात न लावता, नुसत्या बोटांच्या जोरावर! आपल्या त्या जुन्या ट्रान्झिस्टरच्या डब्यावर आपण जे डिस्टॉर्शनचं बटण दाबून मिळवायचो ना, ते इथे हातात येतं. गिटारचा व्हॉल्यूम थोडा खाली घेतला की परत साफ. मी काल कितीतरी वेळ एकच कॉर्ड हळू-जोरात, हळू-जोरात वाजवत बसलो होतो.

आता तुझं. तू ती फेंडरच्या ब्लूज ज्युनियर अ‍ॅम्पची जाहिरात पाठवलीस आणि विचारलंस की १५ वॅट कमी पडतील का, ३० चाच बघू का. अजिबात कमी पडणार नाहीत! १५ आणि ३० मध्ये फरक फक्त ३ डेसिबलचा आहे, कानाला 'थोडा मोठा' एवढाच. दुप्पट मोठा वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. उलट घरात वाजवायचं असेल तर कमी वॅटचा बरा, कारण तो रंगात यायला एवढा वर न्यावा लागत नाही. मला ३० चा मिळाला म्हणून घेतला, १५ चा असता तरी असाच नाचलो असतो. त्यात पण ईएल८४ च आहेत, दोन, त्यामुळे जात तीच. फक्त त्यात एफेक्ट्स लूप नसतो, म्हणून माझी पॅच केबलची युक्ती तिथे लागू नाही, बाकीचं सगळं लागू.

तू त्याला विचार की स्पीकर मूळचाच आहे का बदललाय, आणि मागून स्पीकरचा जवळून फोटो माग. स्पीकरवर बऱ्याचदा एक आकड्यांचा कोड असतो, सुरुवातीचे आकडे बनवणाऱ्याचे, म्हणजे ६७ असेल तर एमिनन्स, २२० असेल तर जेन्सन, आणि शेवटचे आकडे वर्ष आणि आठवडा सांगतात. विकणारा म्हणेल 'दोनच वर्षं जुना' आणि कोड वेगळंच सांगेल, असं होतं. बदललेला असेल तर ८ ओमचाच आहे ना तेवढं बघ. आणि कुणी आत काही मॉडिफिकेशन केलंय का ते सरळ विचार, चांगल्या हाताने केलेलं असेल तर मला चालतं, पण कुणी केलं आणि काय केलं हे त्याला सांगता आलं पाहिजे. ट्यूब कधी बदलल्या ते पण. आणि मी येईपर्यंत चालू करू नका, हे विसरू नकोस.

भाव मला जरा जास्तच वाटतोय, पण फोटो बघून बोलू. त्याचं उत्तर आलं की लगेच टाक, आणि बघायला जायचं ठरलं तर मी येतो, पेन्सिल माझ्याकडे आहेच.

तुझाच,
सुहास