मातीतून माती कशी ओळखायची

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, जुन्या वस्तीच्या उत्खननात टेकाडही मातीचं आणि भिंतीही मातीच्या, मग खणणाऱ्याला भिंत कळते कशी, असं तुम्ही विचारलंत. फोनवर ते नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

आपल्याकडे गावाबाहेर पांढरीचं टेकाड असतं, तसंच दक्षिण इराकमधलं ‘तेल’. सुमेरमध्ये, म्हणजे प्राचीन काळच्या या दक्षिण इराकमध्ये, दगड नाही की घरबांधणीचं चांगलं लाकूड नाही. घरं उन्हात वाळवलेल्या कच्च्या विटांची. घर खचलं की पाडून, सपाट करून त्यावरच दुसरं बांधायचं. म्हणजे भिंत, तिचा ढासळलेला राडा आणि वरच्या घराची भर, सगळी एकाच मातीची.

तिथे कुदळ घाईने चालवली की भिंत गेलीच. थापीच्या धारेने पातळ पातळ खरवडायचं, ब्रशने धूळ काढायची, हलका फवारा मारायचा आणि थांबायचं. वीट आणि सांध्यातला गारा वेगवेगळ्या वेगाने वाळतात. त्यामुळे थोडा वेळ विटांची जाळी उमटते आणि पुसली जाते. तेवढ्यात खुणा करून घ्यायच्या. सगळ्यात पक्की खूण गिलाव्याची. त्याची बारीक रेघ सापडली की खोलीचा आतला भाग कुठला, याचा वाद मिटतो. नेहमीची चूक म्हणजे आडव्या पडलेल्या विटांच्या राड्याला भिंत समजणं. वीट एका बाजूने सपाट आणि दुसऱ्या बाजूने पावासारखी फुगीर असेल, तर काळ साधारण इ. स. पूर्व 2900 ते 2350. या विटा तिरप्या उभ्या लावत, एक थर डावीकडे कललेला तर पुढचा उजवीकडे.

हा हात तयार व्हायला वर्षं लागतात. ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ लिओनार्ड वुली यांना 1922 मध्ये, उर या सुमेरी शहराच्या उत्खननाच्या पहिल्याच हंगामात, सोन्याचे मणी मिळू लागले. त्यांनी तो चर बंद केला आणि चार वर्षं दुसरीकडे खणलं. मजूर अजून तयार नव्हते, हे त्यांचं कारण. मला त्यांचा हा निर्णय सोन्यापेक्षा मोठा वाटतो. ती जागा दफनभूमीची निघाली आणि पुढे तिथे सुमारे 1,850 कबरी नोंदल्या गेल्या.

तिथल्या तंतुवाद्यांचं लाकूड कुजून गेलं होतं. उरली होती फक्त मातीतली पोकळी. अशा वेळी भोक मोठं करायचं नाही. पातळ कालवलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस हळूहळू ओतायचं, पूर्ण घट्ट होऊ द्यायचं आणि मगच भोवतालची माती काढायची. वुलींनी हेच केलं, म्हणून नाहीशा झालेल्या लाकडाचा आकार हाती आला. चेपलेल्या जडावकामावर ते गरम मेण ओतून वर मलमल दाबत आणि सगळं एकसंध उचलत. मेण उतरवणं मात्र फार किचकट. म्हणून आता कधी कधी सायक्लोडोडेकेन हा मेणासारखा पदार्थ वापरतात, तो हळूहळू आपोआप उडून जातं.

मातीच्या लेखांना, म्हणजे अक्षरं उमटवलेल्या मातीच्या पाट्यांना, खरा धोका मिठाचा. तिथली जमीन खारट. लेख उघडा पडला की ओल पृष्ठभागाकडे येते, मिठाचे स्फटिक धरतात आणि अक्षरांसकट पापुद्रे सुटतात. म्हणून तो उन्हात ठेवायचा नाही, लगेच धुवायचाही नाही. भोवतालच्या मातीसकट उचलून सावलीत सावकाश वाळवायचा. पूर्वी सर्रास भट्टीत भाजून मग पाण्यात ठेवत, मीठ निघून जावं म्हणून. कच्चा लेख मात्र पाण्यात विरघळतो.

आई, उरच्या कबरींतले काही लाल अकीक मणी सिंधू संस्कृतीच्या कारागिरांनी घडवलेले आहेत. हा दगड गुजरातेत मिळतो, खंबातला त्याचं काम आजही चालतं. काहींवर पांढरी नक्षी आहे. सोड्याचा आणि वनस्पतीच्या रसाचा लेप करून दगडावर रेघा काढायच्या आणि मणी तापवायचा. क्षार दगडात शिरतो आणि रेघ कायमची पांढरी होते. लांब मण्यांना भोक दोन्ही टोकांकडून पाडलेलं असतं. मणी उजेडाकडे धरला की मध्यावर, जिथे दोन्ही भोकं भेटली, तिथे एक बारीकशी पायरी दिसते.

बाबा, आणखी काही अडलं तर लिहून ठेवा.

तुमची लेक