मनगटावरच्या टॅटूतल्या त्या नावाबद्दल

प्रिय मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर तू म्हणालीस, "आई, हे नाव आता एक दिवसही नकोय." तुझा जीव किती जळतोय ते कळतं गं. काढायचं की झाकायचं, हे तूच ठरव. फक्त घाई करू नकोस.

टॅटू घालवायचं ते ऑनलाइन दिसलेलं क्रीम तर मुळीच मागवू नकोस. टॅटूची शाई वरच्या कातडीत नसतेच. सुई ती साधारण 1 ते 2 मिलिमीटर खोल, खालच्या थरात सोडते आणि तिथल्या पेशी तिचे कण गिळून धरून ठेवतात. क्रीम तिथवर पोचतच नाही. पोचण्याइतकं जहाल असलं तर आधी कातडीच भाजेल. मिठाने घासणं, ॲसिड लावणं यांतही तीच भीती: नाव गेलं तरी व्रण जन्मभर राहतो.

लेसरने ते कण फुटून बारीक होतात आणि मग शरीर ते हळूहळू वाहून नेतं. त्याला वेळ लागतो, म्हणून दोन सिटिंगमध्ये सहसा 6 ते 8 आठवडे जाऊ द्यावे लागतात. पहिल्याच भेटीत कुणी "तीन सिटिंगमध्ये साफ" असं छातीठोक सांगितलं, तर तिथून उठून ये.

तुझ्या मनगटावरचं ते नाव काळ्या शाईत आहे हे बरं झालं. काळा रंग लेसरला सगळ्यात चांगली दाद देतो. भोवतीच्या वेलीचा हिरवा रंग मात्र चिवट असतो. फुलांतल्या पांढऱ्याची मला जास्त काळजी वाटते, कारण लेसर पडल्यावर पांढरी शाई कधीकधी उलट काळी पडते. आधी एका ठिपक्यावर करून बघायला सांग. आपली कातडी सावळी, त्यामुळे डाग पडण्याचा किंवा रंग उडण्याचा धोका जास्त. अशा कातडीला 1064 नॅनोमीटर तरंगलांबीचा लेसर त्यातल्या त्यात सुरक्षित. म्हणून पार्लरमध्ये नको, त्वचारोगतज्ज्ञांकडेच जा.

झाकायचं ठरवलंस, तर नवं चित्र जुन्यापेक्षा मोठं आणि गडद लागतं. फिक्या रंगाखाली काळी अक्षरं लपत नाहीत. एक-दोन सिटिंगमध्ये नाव फिकं करून घ्यायचं, कातडी पूर्ण भरू द्यायची आणि मग त्यावर नवं चित्र काढायचं, हा मार्ग मला सगळ्यात पटतो. ती वेल तुला अजून आवडते ना? मग ती का घालवायची?

लेसर झाल्या झाल्या जागा पांढरी पडते, घाबरू नकोस, थोड्या वेळात ओसरते. पुढे लाली, सूज, कधी पाण्याचे फोडही येतात. ते फोडायचे नाहीत आणि खपलीला नख लावायचं नाही. तुझी ती जुनी सवय मला ठाऊक आहे! सौम्य साबणाने धुऊन टिपून घे, सांगितलेलं मलम पातळ लाव. जागा भरेपर्यंत पोहणं बंद. उन्हात बाहीने झाक. कातडी भरल्यावर निदान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन लावत जा. लाली पसरत गेली, पू झाला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखव.

जाण्याआधी चांगल्या उजेडात मनगटाचा फोटो काढून ठेव, म्हणजे दर सिटिंगनंतर फरक ताडून बघता येईल. पहिल्या दिवशी मी सोबत येऊ का, तेवढं कळव.

तुझी,
आई