फळ्यावरच्या विषयाबद्दल, बाईंना

बाई, सप्रेम नमस्कार.

पत्राची सुरुवात ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ अशी होता होता राहिली. 26 वर्षं कचेरीत टिपण्या लिहिल्यावर दुसरं काय होणार? ‘मान्यतेस्तव सादर’ ही ओळ मला झोपेतही येते. त्याआधी शाळेत ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ लिहिलं होतं, तेही गाइडातलं. वर्गातल्या चाळीस जणांची पुस्तकं एकाच ठिकाणी फाटलेली.

त्यामुळे वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावरचा सुविचार पुसून तुम्ही ‘आजचा विषय’ लिहायला लागलात, तेव्हा मी आधी हसले होते. दिलेल्या विषयावर लिहायला मी काय पाचवीत आहे का, असं तुम्हाला तोंडावर बोललेही. तुम्ही पुस्तकांवर शिक्के मारता मारता भोजराजाच्या दरबारातली समस्यापूर्तीची गोष्ट सांगितलीत. शेवटचा चरण दिलेला, ‘ठठं ठठं ठं ठठठं ठठं ठः’. अर्थ शून्य. आणि कालिदास त्याच्या आधीचे तीन चरण रचतो: रामाच्या राज्याभिषेकाच्या गडबडीत एका तरुणीच्या हातून सोन्याचा घडा निसटतो आणि पायऱ्यांवरून गडगडत जातो, त्याचा हा आवाज! दंतकथाच, कालिदास आणि भोज यांच्यात काही शतकांचं अंतर आहे. पण घडा मला दिसला. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेऊन आले.

तुमचे नियम तीनच. 15 मिनिटं, 10 ओळी, खोडायचं नाही.

तिसऱ्याच दिवशीचा विषय होता ‘घरातलं आता कोणी वापरत नाही असं भांडं’. मी लिहिलं, ‘आमच्याकडे तांब्याचा बंब होता. तो खूप छान होता.’ तुम्ही ‘खूप छान’भोवती पेन्सिलीनं गोल केलात आणि एवढंच विचारलंत, “तोटी कशी होती?” घरी येईपर्यंत तो प्रश्न डोक्यात होता. तोटी गळायची. वडील तिला सुतळी गुंडाळायचे, दर रविवारी नवी. उकिडवे बसून, सुतळीचं टोक दातात धरून. खाली नारळाची करवंटी ठेवलेली असायची, तिच्यात थेंब पडायचे. वडिलांना जाऊन अकरा वर्षं झाली होती, आणि त्यांच्यावर एक ओळसुद्धा मी लिहिली नव्हती. लिहायला बसले असते तर ‘ते अत्यंत कष्टाळू व प्रेमळ होते’ असंच लिहिलं असतं. त्या रात्री 10 ओळींच्या जागी चार पानं झाली. नियम मोडला म्हणून तुम्ही रागावला नाहीत.

सगळेच विषय काही असे नव्हते. एकदा तुम्ही नुसतं ‘ढग’ लिहून ठेवलंत. माफ करा, पण त्यावर कुणालाच काही सुचलं नाही. मी तर ढगांचे प्रकार लिहून मोकळी झाले. ‘मैत्री’चीही तीच गत. विषय जितका मोठा, तितकं जुनं गाइड वर यायचं. ‘रेशनच्या रांगेत ऐकलेलं एक वाक्य’, ‘कुलूप हरवलेली किल्ली’, असं काही असलं की पेन थांबायचं नाही. आणि ते ‘आई हा शब्द न वापरता आईवर 10 ओळी’! त्या दिवशी शेजारच्या टेबलावरच्या जोशीकाकूंनी नुसत्या पोळपाटावर लिहिलं होतं. आडनाव बदललंय, नाहीतर त्या मला सोडणार नाहीत.

2024च्या घटस्थापनेला संध्याकाळी मराठीला अभिजात दर्जा मिळाल्याची बातमी आली. दुसऱ्या दिवशी फळ्यावर काहीतरी भारदस्त असेल, असं वाटलं होतं. तुम्ही लिहिलंत, ‘फक्त तुमच्या घरात बोलला जाणारा एक शब्द’. आमची आजी टीव्हीच्या रिमोटला ‘खटका’ म्हणायची, ते मी लिहिलं. पेढे खाता खाता प्रत्येकाचा शब्द वाचला गेला आणि त्या दिवशी वाचनालय पाऊण तास उशिरा बंद झालं.

आता माझी सातवी वही चालू आहे. त्यातलं छापण्याजोगं फारसं काही नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि तुम्ही ते कधी लपवलंही नाहीत. पण कचेरीत परवा एका अर्जावर ‘अर्जदार दोन वेळा पायी येऊन गेले आहेत’ असं टिपणीत लिहिलं. साहेबांनी पेन थांबवून विचारलं, “किती लांबून?” तुमची तोटी आठवली, बाई. मला ठाऊक होतं, सांगितलं. साडेसहा किलोमीटर.

हे आभार तोंडी मानले असते तर तुम्ही “बरं बरं, पुस्तक परत केलंत का?” असं म्हणून विषय बदलला असता, म्हणून सगळ्यांदेखत लिहिलं. पुस्तक परत करायचं राहिलंय, दंड लावा. खडूचा डबाही तळाला गेलाय. सोमवारी येताना आणते, पांढरेच. रंगीत खडूची भुकटी तुमच्या पदराला लागते, हे लक्षात आहे.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची